डावीकडं चार बोटं

१

पांढुर्णा रोडवर, सौंसरची घरं संपता संपता, योगेशचं गॅरेज लागतं. रोज साडेनऊला शटर उघडणारा हा गडी त्या दिवशी सात वाजताच हजर! अंघोळ केलेली, कपाळाला गंध, आणि इस्त्रीच्या शर्टावर मळकी खाकी चढवलेली. समोरच्या चहाटपरीवरच्या गुणवंतानं हातातली गाळणी बाजूला ठेवली.

"का योगेशभाऊ, गाडीचं लगन लावून राहिले का आज?"

"लगनापेक्षा मोठं काम हाये! छाया चालली आज सासरी. बाळ घेऊन!"

बहीण सासरी जाते यात एवढं नाचण्यासारखं काय, असं वाटेल तुम्हाला. पण छायाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत नागपूरचे डॉक्टर झाले, नवस झाले, चार लोकांची बोलणी खाऊन झाली, आणि आता कुठं पोरगी झाली होती. बाळंतपणाला ती माहेरी आली, तीन महिने राहिली, आणि तिला न्यायला जावईबुवा प्रफुल्ल कालच येऊन बसले होते. तिकडं तिगावच्या घराला तोरणं लागली होती. छायाच्या सासूनं फोन करून करून एकच गोष्ट बजावली होती, की बाळ दिवस मावळायच्या आत घरात आलं पाहिजे. थंडीचे दिवस, साडेपाचला अंधारून येतं. म्हणजे इथून तीनला तरी निघायला हवं.

भाऊ म्हणून योगेशनं साडी घेतली, बाळाला वाळे घेतले. पण त्याचं खरं देणं निराळंच होतं. प्रफुल्लची पिकअप तिगावच्या बगीच्यातली संत्री वाहून वाहून पुढून पार खिळखिळी झाली होती. खड्डा आला की डावीकडून कट-कट-कट आवाज. आणि त्याच डावीकडच्या सीटवर छाया बाळ घेऊन बसणार होती. तीन महिन्यांच्या पोरीची मान ती, अजून डुगडुगते! योगेशनं आठ दिवस आधीच चारही आर्म नवेकोरे मागवून ठेवले होते, बुशसकट. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात म्हणजे आर्म, आणि तो हात जिथं हलतो तिथली रबराची जाड कडी म्हणजे बुश. माणसाच्या गुडघ्यातली वाटी समजा. ती झिजली की प्रत्येक दणका थेट हाडाला बसतो.

"पोरीले एक धक्का लागला तं नाव बदलीन मी," असं त्यानं आईला, केसरबाईला, सकाळीच सांगून टाकलं होतं. आईनं त्याच्या हातावर दही ठेवलं होतं.

गॅरेजच्या मधोमध माणूसभर खोल खड्डा आहे. गाडी त्यावर उभी करायची आणि खाली उतरून काम करायचं. प्रफुल्लनं पिकअप बरोबर खड्ड्यावर आणून लावली, आणि योगेशनं कामाला हात लावण्याआधी आपलं नेहमीचं माप घेतलं. टायर आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत आडवी बोटं घालून पाहायची, बस. त्याच्या बोटांवर त्याचा टेपपेक्षा जास्त भरवसा.

उजवीकडं सहा बोटं. डावीकडं चार.

"डावी स्प्रिंग बसली वाटते," तो म्हणाला, आणि शीळ घालत जॅक आणायला गेला.

२

उजवी बाजू जॅकच्या बारा दाबांत उचलली गेली. डावीला एकोणीस लागले. योगेशनं जॅकचं तेल पाहिलं, तेल ठीक होतं. म्हटलं, जाऊ दे, सकाळची थंडी आहे, जॅकपण अजून जागा झाला नसेल.

दोन्हीकडं लाकडी ठोकळे लावले, चाकं काढली, आणि मग जी ठोकाठोकी सुरू झाली म्हणता! गंजलेले बोल्ट, हातोड्याचे दणके, तेलाची पिचकारी, पुन्हा दणके. योगेशचं अंग घामानं निथळत होतं आणि तोंड बडबडत होतं. प्रफुल्ल स्टुलावर बसून त्याला पाने देत होता. जावई असला म्हणून काय झालं, तोही हरखलेलाच. पोरीचं नाक आपल्यावर गेलं की छायावर, यावर दोघांची दोनदा भांडणं झाली.

उजवीकडचे जुने बुश निघाले तेव्हा योगेशला नवल वाटलं. थोडे तडकलेले होते, पण अजून वर्षभर चालले असते. मग डावीकडचे निघाले. ते बुश कसले, रबराचा नुसता चुराच बाहेर पडला. लोखंड लोखंडावर घासून चकचकीत झालेलं, आणि खालचा आर्म चक्क बाकलेला.

"जवाईबुवा, डावीकडं कोनाले बसवून फिरता तुमी? पैलवान ठेवला का?"

"कोनाले बसवतो बाप्पा! एकटाच राहतो मी. माल मागं, मी समोर."

"मंग तुमचा डबा, थैली, हे सारं सीटवर ठेवता का?"

"नाई. खाली ठेवतो, पायापाशी."

"सीट रिकामी असून? काऊन?"

प्रफुल्लनं कपाळ खाजवलं. त्यानं कधी याचा विचारच केला नव्हता. "काय मालूम," तो म्हणाला. "सवय लागली. आता पाहा, पेट्रोल पंपावर थांबलो का डावं दार उघडून देतो मी. कोनी नसते, तरी देतो. मंग थोडा वेळ थांबतो, अन् लावतो. आमची आई हासते मले."

योगेशही हसला. प्रत्येक ड्रायव्हरच्या अशा दहा खोडी असतात, त्याला काय ते नवीन नव्हतं. एक जण गिअर टाकण्याआधी तीनदा हॉर्न वाजवतो, एक जण आरशाशी बोलतो. तो नवे आर्म घ्यायला उठला तेव्हा त्याला दिसलं, की पिकअपचं डावं दार किलकिलं झालं आहे. गाडी ठोकळ्यांवर उचललेली, दणके बसत होते, उघडलं असेल. ते दार तसंही आपटल्याशिवाय लागत नसे. त्यानं ते धाडकन आपटलं आणि कामाला लागला.

अकराच्या सुमारास चारही नवे आर्म जागेवर बसले. बोल्ट नुसते हातानं घट्ट केले. चाकं चढली, गाडी खाली आली. योगेशनं बोटं घातली.

उजवीकडं सहा. डावीकडं सहा!

"अरे वा रे पठ्ठे!" त्यानं स्वतःचीच पाठ थोपटली. स्प्रिंगला काही झालंच नव्हतं, सगळा दोष बुशचा. आनंदाच्या भरात त्यानं गुणवंताला आरोळी ठोकून चहा सांगितला. बुशनं गाडी दोन बोटं खाली बसत नसते, हे त्याला पंधरा वर्षांच्या कामामुळं पक्कं ठाऊक होतं. पण चांगलं घडलं की माणूस त्याची कारणं विचारत बसत नाही.

डावं दार पुन्हा उघडं होतं. त्यानं जाता जाता आपटलं.

३

आता एक गोष्ट सांगतो, ती ध्यानात घ्या. बुशचे बोल्ट गाडी वर टांगलेली असताना शेवटचे कसायचे नसतात. गाडी जमिनीवर, आणि तिच्यावर रोज असतं तेवढं वजन हवं. कसण्याच्या घडीला रबर ज्या बैठकीत असतं, तीच बैठक ते जन्मभर धरून राहतं. टांगून कसलं की रबर कायम पिळलेलं राहतं आणि चार महिन्यांत फाटतं. पुष्कळ मिस्त्री हे टाळतात. योगेश नाही टाळत. त्याच्या गॅरेजची रीतच आहे, की जो ज्या जागी बसणार त्याला त्या जागी बसवायचं आणि मगच पाना चालवायचा. गुणवंताची म्हैस वाहून नेणाऱ्या टेम्पोत त्यानं म्हैस चढवून बोल्ट कसले होते.

तो खड्ड्यात उतरला आणि खालून ओरडला, "जवाईबुवा! बसा बरं डाव्या सीटवर! छायाच्या जागेवर!"

खालून त्याला गाडीचं पोट दिसत होतं आणि बाजूला उजेडाची एक लांब फट. हँडल वाजलं. दार उघडलं. गाडी करकरली आणि डावीकडं सावकाश, अगदी सावकाश खाली बसली. मग दार लागलं. आपटल्याशिवाय न लागणारं ते दार अलगद लागलं.

"बसले का?"

त्याच्या डोक्यावरच्या पत्र्यावर दोनदा वाजलं. टक. टक.

"हालू नका आता!"

आणि मग तो जो भिडला, तो भिडलाच. डावा खालचा, डावा वरचा, मग उजवे. पान्याला लांब पाइप लावून पूर्ण जोर. बोलणं चालूच होतं. छायाचं बाळ कसं आपल्या मिशा ओढतं, गेल्यावर आई कशी रडणार, आपण मात्र बिलकुल रडणार नाही, असं सगळं तो त्या पत्र्याला सांगत होता. वरून हूं नाही की चूं नाही. एवढा बोलघेवडा जावई, गप कसा बसला? दमला असेल म्हणा. तीन तास पाने दिलेत त्यानं.

"झालं! उतरा!" म्हणत योगेश खड्ड्याच्या पायऱ्या चढून वर आला, आणि हात पुसायला फडकं घेतलं.

प्रफुल्ल रस्त्याच्या पलीकडं, गुणवंताच्या टपरीसमोर उभा होता. एका हातात चहाचे दोन ग्लास, खांदा आणि कानामध्ये दाबलेला फोन. ट्रक जाऊ देऊन तो रस्ता ओलांडून आला.

"आईचा फोन होता," तो म्हणाला. "मंडप टाकला म्हने अंगनात! हे घ्या चहा. आता बसतो मी सीटवर. तुमी आवाज देला तवा उठलोच होतो, पन आईनं फोन सोडलाच नाई."

योगेशनं चहा घेतला नाही. त्यानं पिकअपच्या काचेतून आत पाहिलं. सीट रिकामी होती. मग तो चाकापाशी बसला आणि त्यानं बोटं घातली.

चार.

४

योगेश अडाणी माणूस नव्हता. आयटीआय शिकलेला, भुताखेताच्या गोष्टी ऐकल्या की "गाडी दाखवा, भूत मी काढतो" म्हणणारा. त्यानं डोकं शांत ठेवलं. निदान हात तरी शांत ठेवले.

फरशीला उतार असेल म्हणून त्यानं बादलीभर पाणी ओतलं. पाणी चारी बाजूंना सारखं पसरलं. दोन्ही चाकांची हवा मोजली, सारखी. बॅटरी घेऊन खाली गेला आणि दोन्ही स्प्रिंगा टेपनं मोजल्या. डावी दाबलेली होती, पण तिचा एकही वेढा मोडलेला नव्हता. माणूस बसला की स्प्रिंग जशी दबते तशीच ती दाबलेली होती, दुसरं काही नाही.

पण प्रफुल्ल बसला असता तर एक बोट दबली असती. दोन बोटं म्हणजे काय?

"काय झालं योगेशभाऊ? तोंड काऊन उतरलं?"

"काही नाई. एक माप घेऊन द्या मले. मी बसतो, तुमी सांगा किती बोटं."

त्यानं डावं दार उघडलं. जुनं रेक्झिन, मध्ये चिरलेलं, पायाशी प्रफुल्लची थैली. सीट लांब, सलग, ड्रायव्हरशेजारी दोन जण मावतील अशी. योगेश चढला आणि बसला.

"डावीकडं चार," बाहेरून प्रफुल्ल म्हणाला. "होते तेवढेच. अरे, तुमी बसले नं नक्की?"

"बसलो. उजवीकडं पाहा."

प्रफुल्ल वळसा घालून गेला. "उजवीकडं पाच झाले. मघाशी सहा होते म्हनता?"

योगेशनं मनाशी हिशेब केला. त्याच्या वजनानं डावी बाजू दबायला हवी होती, ती दबली नाही. उजवी दबली. एसटीत आपण चढलो की खिडकीपाशी बसलेला माणूस पाहतो आणि आपल्याला जागा करून देतो, तसं त्याच्या शेजारचं वजन आत सरकलं होतं.

आणि सीट गरम होती. तो ज्या जागी बसला होता तिथलं रेक्झिन अंगाच्या उबेनं उबलेलं होतं, त्याच्या पँटीतून ते स्पष्ट कळत होतं. ऊन गॅरेजच्या मागच्या अंगाला होतं.

तो इतक्या घाईनं उतरला की त्याचं डोकं दाराला लागलं.

एक प्रश्न तर त्याला त्याच्याही नंतर सुचला. डावं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हापासून ते वजन गाडीबाहेर होतं. तेवढा वेळ, तो हातोडे मारत होता आणि बाळाच्या नाकावर भांडत होता तेव्हा, ते गॅरेजमध्ये नेमकं कुठं उभं होतं?

"जवाईबुवा, बोल्ट चुकले माये. खोलून पुन्हा पक्के करा लागतीन."

"आता? बारा वाजले!"

"चुकले म्हनतो नं!"

आणि खोटं नव्हतं ते. त्यानं त्या वजनासकट बुश कसले होते. आता नव्या रबरानं ती बैठक धरली होती. उद्या गाडी रिकामी असली तरी तिच्या अंगात ती जागा राहणार होती. ती जागा त्याच्या हातानं तयार झाली होती.

पण खोलून करणार काय? तो अर्धा तास थांबला, तासभर थांबला, दार उघडं ठेवून पाहिलं, दोन्ही दारं उघडी ठेवून पाहिलं. प्रत्येक वेळी बोटं घातली की चार. प्रफुल्ल आता त्याच्याकडं काळजीनं पाहायला लागला होता. दीड वाजता योगेशचा फोन वाजला.

"दादा, निघालो आमी आटोनं!" छायाच्या आवाजात अख्खं घर नाचत होतं. "बाळानं नवं झबलं घातलं! तू म्हनला होता नं, गॅरेजवरूनच बसू म्हनून? गाडी झाली नं?"

५

ऑटो आली ती पाळण्यासकट आली. पाळणा, डिंकाच्या लाडवांचे दोन डबे, गोधड्यांचं गाठोडं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध छाया, हिरव्या साडीत, मांडीवर पिवळ्या झबल्यातलं बाळ. मागोमाग केसरबाई उतरल्या. गुणवंता टपरी सोडून बाळ बघायला धावला. शेजारचा पंक्चरवाला आला. प्रफुल्लनं पाळणा मागं बांधायला घेतला. गॅरेजमध्ये नुसती जत्रा! सगळे एकदम बोलत होते, बाळ एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं, आणि योगेश हातात पाना धरून डाव्या दाराला पाठ लावून उभा होता.

"दादा, सरक नं, बसू दे," छाया म्हणाली.

"थांब."

"अरे, ऊन लागून राहिलं बाळाले."

तिनं त्याच्या बगलेखालून हात घालून हँडल धरलं. योगेश असा ओरडला की बाळ दचकून रडायला लागलं. "हात लावू नको म्हटलं नं!"

छायाचे डोळे भरून आले. निघायच्या दिवशी भाऊ असा बोलतो? प्रफुल्ल पाळण्याची दोरी तशीच धरून उभा राहिला. केसरबाई पुढं झाल्या. "काय झालं तुले? लेकराले भेवाडलं नं बे!"

काय सांगणार होता तो? की जावईबुवा, तुमच्या गाडीत कोणीतरी बसलेलं आहे, तुम्हीच त्याला रोज दार उघडून देता? की छाया, तुझ्या मांडीवर बाळ आणि तू कोणाच्या तरी मांडीवर? नऊ वर्षांनी घरी निघालेल्या बाईला हे सांगायचं? तिला एसटीनं जा म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं, आणि आज नाही तर उद्या ती त्या सीटवर बसलीच असती. ती गाडी तिच्याच घरची होती.

"बोल्ट कसाचे राहिले," तो कसाबसा म्हणाला. "चाक निघंल मंग रस्त्यात. दहा मिनिटं द्या मले. जा, गुणवंताकडं चहा घ्या सारे. आई, तूपन जाय. कोनीच थांबू नका इथं."

सगळे रस्त्यापलीकडं गेले. छाया वळून वळून पाहत होती.

योगेशनं डावं दार पूर्ण उघडलं. रिकाम्या सीटसमोर तो उभा राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पंधरा वर्षांचा मिस्त्री, आणि रेक्झिनशी बोलणार! शिव्या द्याव्यात असंही त्याच्या मनात आलं. पण बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायची आपल्याकडं रीत नाही. पाहुणा नकोसा झाला तरी त्याला आपण चहाच विचारतो. योगेशच्या तोंडून तेच निघालं, जे निघायची सवय होती.

"तुमी कोन, मले मालूम नाई," तो हळू आवाजात म्हणाला. "मायी बहीण बसनार हाये इथं. लहान लेकरू हाये तिच्यापाशी. तुमी उतरा. चहा घ्या आमच्या इथं, आराम करा घडीभर. मंग तुमाले जथी जाचं असंल तथी मी सोता नेऊन सोडतो. मायी जबान हाये."

काहीच झालं नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. टपरीवर बाळ रडायचं थांबलं होतं.

मग सीटच्या स्प्रिंगा हळूच कुरकुरल्या. पिकअप डावीकडून वर आली, अगदी सावकाश, जसं म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून उतरतं तशी. योगेश वाट द्यायला दोन पावलं मागं सरकला. का सरकला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सीटवरचा खोलगट भाग त्याच्या डोळ्यांदेखत भरून सपाट झाला.

त्यानं बोटं घातली. सहा!

"छाया! ये! बस लवकर!" त्याची आरोळी पार नाक्यापर्यंत गेली असेल. तो खड्ड्यात उडी मारूनच उतरला, सगळे बोल्ट सैल केले, वरून छायाचा आवाज आला, "बसले रे दादा!" आणि गाडी डावीकडं जेमतेम अर्धं बोट खाली आली. माझ्या बहिणीचं वजन! आणि साडेपाच किलोची भाची! त्यानं पाना लावला तेव्हा हसू आणि रडू एकदमच येत होतं, आणि दोन्ही आवरत नव्हतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना पिकअप सुटली. केसरबाईंनी बाळावरून मीठ-मोहरी ओवाळली. छायानं खिडकीतून भावाचे काळे हात धरले आणि त्याला माफ करून टाकलं. समोरच्याच खड्ड्यातून गाडी गेली, आणि काय सांगू तुम्हाला, आवाज नाही, हिसका नाही, लोण्यातून सुरी जावी तशी गेली. योगेश रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत राहिला. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून त्याला बाजूला केलं.

६

असं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्यानं गुणवंताला मिठी मारली. पंक्चरवाल्याला लाडू दिला. छायाचा फोन आला, पोरगी बोरगावच्या आधीच झोपली म्हणे, आणि प्रफुल्ल म्हणतो विमानात बसल्यासारखं वाटतं. योगेशनं तो फोन स्पीकरवर टाकून आईला ऐकवला. केसरबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या.

मग त्यानं पाने धुऊन पेटीत ठेवले, जुने आर्म भंगारात टाकले. गॅरेजमध्ये एकदा चारी बाजूंना नजर टाकली, भीत भीत. काही नव्हतं. ऊन तिरपं होऊन खड्ड्याच्या कडेपर्यंत आलं होतं, आणि सगळं रोजच्यासारखं होतं. गेलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. उतरलं आणि गेलं.

"चाल आई, घरी जाऊ. आज मी स्वैपाक करतो तुयासाठी!"

त्यानं मोटारसायकल बाहेर काढली, शटर ओढलं, कुलूप घातलं, आणि गाडीवर टांग टाकली. मागचा शॉकॲब्सॉर्बर दबला. मागं कोणी बसलं की दबतो तसा, जरा जास्तच.

"नीट बसली नं?" त्यानं किल्ली फिरवत विचारलं. "पकडून बस."

"मी कुठी बसले?" आईचा आवाज पुढून आला.

ती शटरपाशी उभी होती, पिशवी सावरत, चपलेचा पट्टा ओढत. तिनं मान वर केली, त्याच्याकडं पाहिलं, मग त्याच्या खांद्याच्या मागं पाहिलं, आणि ओळखीच्या घरी कोणी वडीलधारं भेटावं तसा डोक्यावर पदर घेतला.

"तुया मागं तं पाहुणे बसले हायेत नं," ती म्हणाली. "तिघं कसे मावू? तू आधी पाहुण्यायले सोडून ये. मी थांबते गुणवंताकडं."

योगेशची मान वळेना. मोटारसायकलचं इंजिन चालूच होतं.

"आई," तो म्हणाला, "कुठी... कुठी जाचं म्हनतात?"

केसरबाईंनी कान पुढं केला. कोणी हळू बोललं की तिला नीट ऐकू येत नसे. तिनं दोनदा मान हलवली, हूं म्हटलं, आणि मग मुलाकडं पाहिलं.

"तिगावले, छायाच्या घरी," ती म्हणाली. "जथी जाचं असंल तथी सोडतो म्हनून तू जबान देली म्हनतात. देली का रे?"